कोरी डिस्क मिळेनाशी होण्याआधी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या स्टुडिओत खालच्या कप्प्यात चार हार्ड डिस्क होत्या आणि त्याच कप्प्यात गोल डब्यांमधे रचून ठेवलेल्या, राइट केलेल्या ब्लू-रे, डीव्हीडी आणि थोड्या जुन्या सीडी. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर आत गुडघाभर चिखल. हार्ड डिस्क मुंबईला डेटा रिकव्हरीला पाठवल्या, महिनाभर वाट बघितली, पैसे भरले, आणि चारांपैकी फक्त एकीतला डेटा परत आला.

डिस्कचं काय केलं ते सांगतो. दोन बादल्या स्वच्छ पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, एकेक डिस्क आधी नुसती बुडवून ठेवायची म्हणजे चिखलातली वाळू आपोआप खाली बसते, घासायचं नाही कारण ब्लू-रेचा डेटा खालच्या बाजूला अगदी ०.१ मिमीच्या आत असतो, मग जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने मधून बाहेर अशी सरळ पुसायची, गोल गोल नाही, आणि सावलीत उभी करून वाळवायची. बायको, मी आणि दुकानातला पोरगा असे तिघे बसायचो. सगळ्या डिस्क ड्राइव्हमधे घालून तपासून होईपर्यंत गणपती आले. बहुतेक सगळ्या चालल्या. ज्या गेल्या त्या कागदी पाकिटातल्या स्वस्त सीडी होत्या, कागद वरून चिकटला आणि सोलताना चंदेरी थरच त्याच्याबरोबर निघाला. पण गुहागर तालुक्यातल्या एका गावच्या नमन (कोकणातलं लोकनाट्य) मंडळाची १९९४ ची व्हीएचएस मी २०१६ साली कॉपी करून ठेवली होती, मूळ कॅसेट पुरात गेली, हार्ड डिस्कवरची कॉपी गेली, आणि ब्लू-रेवरची पहिल्या झटक्यात चालू झाली. त्यातलं संकासुराचं सोंग करणारा माणूस, मृदंगावरचा माणूस, दोघंही आता हयात नाहीत. स्क्रीनवर ते नाचायला लागले तेव्हा आम्ही तिघेही काही बोललो नाही.

म्हणून आज जे चाललंय त्याकडे मला नुसती टेक्नॉलॉजीची बातमी म्हणून बघता येत नाही. मोठ्या कपॅसिटीच्या, घरी किंवा दुकानात राइट करता येणाऱ्या डिस्क बनवणारे एकेक करून दुकान बंद करतायत. पॅनासोनिकने फेब्रुवारी २०२३ मधे राइट करायच्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. सोनीने २०२४ च्या जुलैमधे सांगितलं की सेंदाईजवळच्या त्यांच्या कारखान्यातल्या साधारण ६७० पैकी २५० लोकांना कमी करणार आणि डिस्कचं काम हळूहळू आटोपणार, आणि जानेवारी २०२५ मधे जाहीरच केलं की फेब्रुवारीत राइटेबल ब्लू-रे, मिनीडिस्क आणि व्हिडिओ कॅमेऱ्यातली मिनीडीव्ही कॅसेट सगळं बंद, त्याच्या जागी नवीन काही येणार नाही. त्याआधी जपानची तैयो युडेन, जिने सीडी-आर म्हणजे राइट करता येणारी सीडी जगात आणली, ती २०१५ संपताना या धंद्यातून बाहेर पडली. मित्सुबिशी केमिकलने आपली डिस्कची कंपनी व्हर्बाटिम २०१९ मधे तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सला विकली. २०२५ मधे पायोनियरनेही ड्राइव्हचा धंदा एका चिनी कंपनीकडे सोपवला. एलजीने टीव्हीला लावायचे ब्लू-रे प्लेयर २०२४ च्या शेवटी बंद केले, सॅमसंगने तर २०१९ मधेच. म्हणजे उरलं कोण, तर डिस्कसाठी मुख्यतः तैवानमधल्या सीएमसी आणि राइटेक, आणि ड्राइव्हसाठी बोटावर मोजण्याइतके लोक. व्हर्बाटिम जपान आणि आय-ओ डेटा या दोघांनी फेब्रुवारी २०२५ मधे मिळून सांगितलं की आम्ही पुरवठा चालू ठेवू. चांगली गोष्ट आहे, मनापासून चांगली, पण सगळ्या जगाचं जपून ठेवायचं साहित्य अशा दोन-चार कंपन्यांच्या शब्दावर उभं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ही डिस्क बाजारातून जातेय ती निकामी झाली म्हणून नाही, घरगुती गिऱ्हाईक गेलं म्हणून जातेय. आणि ज्या वस्तूवर कोर्टाचे पुरावे, गावाचा इतिहास, दवाखान्याची रेकॉर्ड अशा सार्वजनिक गोष्टी टिकायच्या आहेत ती घरगुती गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडणं बरोबर नाही. संस्थांनी एकत्र येऊन ठरवून, कित्येक वर्षांची ऑर्डर देऊन ती जिवंत ठेवली पाहिजे, आणि हे आत्ता केलं पाहिजे, पाच वर्षांनी नाही.

आता मोठ्या डिस्क महाग का असतात ते आधी समजून घेऊ, कारण लोकांना वाटतं कंपन्या उगाच पैसे काढतात. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५, म्हणजे निळ्या-जांभळ्या रंगाचा. लेसर जितका बारीक तितके ठिपके बारीक, म्हणून त्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीवर सीडीत ७०० एमबी, डीव्हीडीत ४.७ जीबी, ब्लू-रेत एका थरावर २५ जीबी बसतात. पण ४०५ च्या खाली गेलं की अल्ट्राव्हायोलेट चालू होतं, तिथे डिस्कचं नेहमीचं प्लास्टिकच प्रकाश गिळायला लागतं, लेन्सचा प्रश्न येतो, म्हणून पुढची उडी लेसर बदलून मारता आली नाही. मग उरला एकच रस्ता, थरावर थर. दोन थर म्हणजे ५० जीबी. २०१० मधे बीडीएक्सएल नावाचा मोठ्या ब्लू-रेचा प्रकार आला, त्यात तीन थर करून १०० जीबी आणि चार थर करून १२८ जीबी, आणि थोडे ठिपके अजून दाटीने. हे सगळे थर त्या ०.१ मिमीच्या आत. म्हणजे लेसरला वरचे थर न दुखावता त्यांच्या आरपार जाऊन नेमक्या खालच्या थरावर लिहायचं आहे, आणि कारखान्यात एक जरी थर वाकडा बसला तर अख्खी डिस्क फेकायची. म्हणून १०० जीबीची डिस्क पर जीबी हिशोब केला तर २५ च्या डिस्कपेक्षा महागच पडते, आणि पहिल्यापासून महागच पडत आलीय. शिवाय जुने ब्लू-रे ड्राइव्ह ती वाचतच नाहीत, बीडीएक्सएल लिहिलेला ड्राइव्ह लागतो. राइट करायला ४एक्स वेगाने दीड तासाच्या वर जातो, लिहिलेलं परत तपासणं धरलं तर तीन तास. त्यामुळे तिला गिऱ्हाईक कमी, कमी गिऱ्हाईक म्हणून कमी माल, कमी माल म्हणून महाग, असं ते चक्र कधी तुटलंच नाही. १२८ वाल्या डिस्कसाठी तर लोक मुख्यतः सोनीवरच अवलंबून होते, त्यामुळे ती आता दुर्मिळच समजा.

स्वस्ताई येते कुठून हे आपल्या देशात आपण डोळ्यांनी बघितलंय. मोझर बेअर आठवते का? १९८३ मधे दीपक पुरींनी काढलेली कंपनी, नोएडा आणि ग्रेटर नोएडात कारखाने, आणि एके काळी कोऱ्या डिस्क बनवण्यात जगात दुसऱ्या नंबरवर. २००७ मधे त्यांनी सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ रुपयाला आणली तेव्हा रस्त्यावरच्या पायरसीवाल्यांना त्या भावाशी टक्कर देणं कठीण झालं. त्या काळात आमच्या बाजारपेठेत कोऱ्या डीव्हीडीचं शंभराचं स्पिंडल मी लग्नाच्या सीझनला दहा-दहा आणायचो, लग्नाच्या अल्बमबरोबर सहा कॉप्या द्यायची पद्धतच होती, एक मुलीकडे, एक मुलाकडे, एक मुंबईच्या काकांकडे, एक गल्फमधल्या मामांकडे. ती डिस्क स्वस्त होती कारण ते कारखाने रात्रंदिवस चालत होते. मग पेनड्राइव्ह आले, इंटरनेट आलं, डिस्कची मागणी घसरली, कंपनीने सोलरमधे घातलेला पैसाही अंगावर आला, कर्ज फुगलं, आणि २०१८ मधे लिक्विडेशनचा आदेश निघाला. त्या कारखान्यात ब्लू-रे राइट करायच्या डिस्कही बनल्या होत्या हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. म्हणजे आपल्याकडे ही विद्या होती, माणसं होती, मशिनं होती. आपण ती भंगाराच्या भावात जाऊ दिली, आणि त्या वेळी एकाही सरकारी खात्याला, एकाही अर्काइव्हला असं वाटलं नाही की अरे यातली एक लाइन तरी आपल्या देशाच्या कामासाठी चालू ठेवूया. याचं मला आजही वाईट वाटतं.

यातून एक गोष्ट मी शिकलो, ती म्हणजे अशा वस्तूची किंमत रोज थोडी थोडी वाढत जात नाही. कांदा महागतो तसं हे नसतं. बराच काळ भाव साधारण तोच राहतो, दुकानदार म्हणतो आहे ना माल, काळजी कशाला, आणि एक दिवस तो म्हणतो वरून येणं बंद झालं. मिनीडीव्ही कॅसेटचं मी हेच बघितलं. शेवटची काही वर्षं ती मिळत होती, मग एकदम एकेकाकडे जुना स्टॉक, मग ऑनलाइन कुणीतरी तिप्पट भावाने विकतोय, त्यातल्याही निम्म्या बुरशी धरलेल्या. डिस्कची लाइन म्हणजे मोठी महागडी यंत्रं, ती अर्धी चालवता येत नाहीत, एक तर चालतात नाहीतर बंद होतात. म्हणून मला विचाराल तर २५ आणि ५० जीबीची डिस्क अजून काही वर्षं मिळेल, भाव थोडा चढेल, पण १०० जीबीची कधीही एका घोषणेत नाहीशी होऊ शकते. जपानमधे लोक अजून टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर रेकॉर्ड करून ठेवतात, त्या एका सवयीवर हा धंदा आजवर तगला, आणि ती सवयही आता म्हाताऱ्या माणसांपुरती उरत चाललीय.

लोक म्हणतात सिनेमाच्या आणि गेमच्या डिस्क तर येतायत की, मग काय घाबरता. हो, येतायत, प्लेस्टेशनच्या गेमच्या येतायत, फोर-केच्या सिनेमाच्या येतायत. पण त्या छापलेल्या डिस्क. साच्याने प्लास्टिकवर ठसा उमटवायचा, तिथे लिहिता येणारा थर नसतोच. त्या चालू राहिल्या तर वाचणारे ड्राइव्ह मिळत राहतील, तेवढा फायदा नक्की आहे आणि तो छोटा नाही. पण कोरी डिस्क आणि राइटर ही दुसरी गोष्ट आहे, राइटरला जास्त ताकदीचा लेसर लागतो.

मग क्लाउड वापरा ना, हे दर दुसरा माणूस सांगतो. मी वापरतो, रोज वापरतो, गिऱ्हाइकाला फोटो पाठवायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण क्लाउड म्हणजे भाड्याची खोली आहे, भाडं थांबलं की सामान बाहेर. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद जागा बंद केली. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायचं धोरण त्यांनी २०२३ मधे जाहीर केलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, कंपनी आहे, खर्च आहे. पण एखाद्या घरात वडील गेले, पासवर्ड कुणाला माहीत नाही, कार्डावरून पैसे कटणं थांबलं, तर चाळीस वर्षांचे फोटो कुणाच्या हातात आहेत? कपाटातल्या डिस्कला पासवर्ड लागत नाही आणि भाडंही लागत नाही.

हार्ड डिस्कचं तर पुरात मी सांगितलंच, पण पूर नसला तरी ती वापराविना पडून राहिली की आतला भाग अडकू शकतो, एसएसडी आणि पेनड्राइव्ह वीज न देता वर्षानुवर्षं ठेवले की आतला चार्ज हळूहळू गळतो. मोठ्या संस्थांसाठी एलटीओ नावाची डेटा ठेवायची टेप आहे, ती खरंच उत्तम आहे, एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टीबी बसतात. पण ड्राइव्हची किंमत लाखांत, आणि माझ्या मते तिची खरी अडचण वेगळीच आहे. एलटीओ-९ चा ड्राइव्ह फक्त आठ आणि नऊ वाचतो. २०२५ मधे आलेला एलटीओ-१० तर नऊसुद्धा वाचत नाही. म्हणजे दर काही वर्षांनी सगळ्या टेपा नवीन टेपांवर उतरवत बसायचं, आणि ज्या वर्षी बजेट मंजूर झालं नाही त्या वर्षी मागचं सगळं अडकलं. याउलट माझ्या टेबलावरचा ब्लू-रे राइटर १९८२ साली निघालेल्या फॉरमॅटची ऑडिओ सीडी वाचतो, डीव्हीडी वाचतो, बीडीएक्सएलही वाचतो. चाळीसेक वर्षांचं मागचं सगळं एका शे-दोनशे ग्रॅमच्या डब्यात. एवढं मागचं सांभाळून घेणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

आणि एकदा लिहिलं की बदलता येत नाही, हा गुण लोकांना तोटा वाटतो. नोव्हेंबर २०२२ मधे दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला, सर्व्हर बंद, कित्येक दिवस रुग्णांची नोंद हाताने कागदावर करायची वेळ आली. कपाटात ठेवलेल्या, राइट केलेल्या ब्लू-रेला कुठला व्हायरस लॉक करणार? ती कुठल्याच वायरीला जोडलेली नाही.

कोर्टाचं उदाहरण तर आपल्या जालन्याचंच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला का नाही यावरून वाद झाला, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या सीडी पुराव्यात आल्या, आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने तो खटला सुप्रीम कोर्टात गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात कोर्टाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याला पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं सर्टिफिकेट हवंच असं सांगितलं हे सगळ्यांना माहीत आहे, वकील मंडळी रोज त्याचा दाखला देतात. पण त्याच निकालात कोर्टाने असंही म्हटलंय की इलेक्ट्रॉनिक पुरावा कसा राखायचा, वेगळा कसा ठेवायचा, कुणाच्या ताब्यातून कुणाच्या ताब्यात गेला याची नोंद कशी ठेवायची याचे नियम करा. आता १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू झाले, झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ शूटिंग करायचंच आहे, पुराव्याच्या सर्टिफिकेटमधे हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, मागतात. म्हणजे प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज व्हिडिओ तयार होणार, आणि त्यातली काही प्रकरणं अपिलासकट पंधरा-वीस वर्षं चालणार. तेवढ्या वर्षांनी तो व्हिडिओ होता तसाच आहे, कुणी हात लावलेला नाही, हे सांगायला एकदाच लिहिता येणारी, नंबर घातलेली, सील केलेली डिस्क यापेक्षा सरळ साधन कुठलं? मोबाइलवरचा एक तासाचा व्हिडिओ सहज आठ-दहा जीबी होतो, तिथे ४.७ जीबीची डीव्हीडी पुरत नाही, २५ आणि १०० च लागतात. गरज आत्ता कुठे सुरू होतेय आणि माल आत्ताच संपत चाललाय, हे दोन्ही एकाच वेळी होतंय आणि याची सांगड घालणारं कुणी दिसत नाही.

माझी मागणी यातूनच निघते. पुराभिलेख विभाग, जिल्हा न्यायालयं, विद्यापीठं, सरकारी दवाखाने, पुण्याचं फिल्म अर्काइव्ह, मोठी वाचनालयं यांची गरज एकत्र मोजली आणि दहा वर्षांचा रेट कॉन्ट्रॅक्ट केला तर तैवानच्या कंपनीलाही लाइन चालू ठेवायला कारण मिळेल, आणि आकडा पुरेसा मोठा निघाला तर इथे एखादी लाइन परत उभी करायचा विचार तरी करता येईल. पुण्यात सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेत डिजिटल प्रिझर्वेशनचं सेंटर आहे, कुठली डिस्क घ्यायची, कुठल्या थराची, कशी तपासायची हे ठरवायला बाहेर जायची गरज नाही. डिस्कचं आयुष्य कसं मोजायचं याचं आयएसओचं स्टँडर्डही आहे, १६९६३ नंबरचं. टेंडरमधे फक्त सगळ्यात स्वस्त असं लिहू नका एवढं तरी करा. कारण ब्लू-रेमधेही दोन जाती आहेत, एक धातूसारख्या अजैविक थराची आणि एक सेंद्रिय डायची, जिला एलटीएच म्हणतात. मी एकदा फरक न बघता, भाव कमी दिसला म्हणून दुसऱ्या जातीचं स्पिंडल उचललं, कंपनीचं नाव घेत नाही, तीन पावसाळ्यांत त्यातल्या कितीतरी डिस्क वाचेनात. कोकणातल्या दमट हवेत ती जात घेऊच नये असं माझं स्वच्छ मत आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे, की जनतेचा पैसा जुन्या होत चाललेल्या टेक्नॉलॉजीत का घालायचा. मी म्हणतो सगळा घालू नकाच. रोजच्या वापराला सर्व्हर ठेवा, मोठ्या साठ्याला टेप ठेवा, आणि जे पुन्हा कधीच तयार होणार नाही त्याची एक कॉपी डिस्कवर ठेवा, दुसऱ्या गावात. जानेवारी २००३ मधे पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि किती जुने सिनेमे त्यात गेले, परत आले नाहीत. सगळं एका जागी आणि एकाच प्रकारात ठेवलं की हेच होणार. आणि डिस्कचा हा वापर काही माझ्या डोक्यातून आलेला नाही, फेसबुकने २०१४ मधे दहा हजार ब्लू-रे डिस्कचं एक कपाट करून दाखवलं होतं, एका कपाटात एक पेटाबाइट, म्हणजे दहा लाख जीबी.

काही जण म्हणतात थांबा, नवीन येतंय. शांघायच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मधे शंभर थरांच्या डिस्कवर पेटाबिटच्या (एक पेटाबिट म्हणजे सव्वा लाख जीबी) हिशोबात डेटा लिहून दाखवला, मायक्रोसॉफ्ट काचेच्या तुकड्यावर लिहितंय. वाचून आनंद होतो. पण इनफेज कंपनीची ३०० जीबीची होलोग्राफिक डिस्कही अशीच येणार होती, पुढे कंपनीच उरली नाही. सोनी-पॅनासोनिकने २०१४ मधे ३०० जीबीची अर्काइव्हल डिस्क जाहीर केली, पुढे ५०० जीबी आणि १ टीबी करू म्हणाले, ती कार्ट्रिजमधे घालून मोठ्या स्टुडिओंना विकली गेली, माझ्यासारख्याच्या दुकानापर्यंत कधी आलीच नाही आणि १ टीबीचा टप्पा येण्याआधी तेही थांबलं. एम-डिस्क हजार वर्षं टिकते म्हणणारी मिलेनियाटा २०१६ मधे दिवाळखोरीत गेली. डिस्क चांगली होती, आजही व्हर्बाटिमच्या नावाने मिळते, मी वापरतो. पण प्रयोगशाळेतून दुकानापर्यंतचा रस्ता फार लांब आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या व्हीएचएस कॅसेटवर बुरशी आत्ता चढतेय. मागच्या पावसाळ्यात आलेल्या दर तिसऱ्या-चौथ्या कॅसेटला पांढरे ठिपके होते.

ड्राइव्हबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती डिस्कपेक्षाही महत्त्वाची आहे असं मला वाटतं. नवीन लॅपटॉपला ट्रे राहिला नाही. दवाखान्यात एमआरआयची सीडी देतात, पेशंट ती घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि तिथल्या कॉम्प्युटरला ती घालायला जागाच नसते, हे मी माझ्या सासऱ्यांच्या वेळी स्वतः बघितलंय, तेव्हा दुकानातून माझा बाहेरचा ड्राइव्ह नेऊन डॉक्टरांना प्लेट दाखवावी लागली. म्हणून तालुक्याच्या प्रत्येक वाचनालयात एक बीडीएक्सएल ड्राइव्ह आणि तो चालवता येणारा एक माणूस असावा, कुणीही आपली डिस्क घेऊन यावं आणि बघावी. ड्राइव्हचा खर्च एका वर्गातल्या स्मार्ट बोर्डापेक्षाही कमी आहे.

पुरानंतर त्या नमनाच्या मी चार कॉप्या केल्या, सगळ्या २५ जीबीच्या, अजैविक थराच्या. एक माझ्याकडे, माळ्यावर, २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर. एक पुण्यात बहिणीकडे. एक मंडळाच्या मुंबईतल्या शाखेकडे, लोअर परळला. चौथी घ्यायला गावाहून मंडळाचे अध्यक्ष आणि संकासूर करायच्या त्या माणसाचा नातू आले. नातवाने डिस्क हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "दादा, ही लावायची कशात?" त्याच्या पिढीने डिस्क लावलेलीच नाही, त्याचा काय दोष. मी माझ्याकडचा जुना लॅपटॉप आणि एक जादाचा यूएसबी ड्राइव्ह दिला, कसं घालायचं, कसं काढायचं ते दोनदा करून घेतलं. आता शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसली की रात्री देवळाच्या भिंतीवर पांढरं कापड लावून ते दाखवतात. ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही मृदंगाच्या पेटीत ठेवतात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आणि मागच्या वर्षी त्या नातवाने फोन करून विचारलं की आम्ही नवीन शूटिंग केलंय फोर-के मधे, साठ-सत्तर जीबी झालंय, त्या मोठ्या डिस्क अजून मिळतात का. मुंबईत तीन ठिकाणी फोन केल्यावर एकाकडे पाचाचं एक पाकीट निघालं. मी पाचही घेतल्या.